नावाने मागितलेली खोली

१

माझं काम काय, हे सांगायला गेलं की लोक दुसऱ्या वाक्याला जांभई देतात, म्हणून थोडक्यात सांगते. सिविल लाइन्समधल्या आमच्या ऑफिसात एक मशीन आहे आणि त्या एका मशीनवर बेचाळीस वेबसाइटी नांदतात. कोचिंग क्लास, दातांचा डॉक्टर, दोन लग्नाची सभागृहं, संगमरवराचे व्यापारी. पत्ता सगळ्यांचा एकच. येणारा दाराशी नाव सांगतो, मशीन ते वाचतं आणि त्याला बरोबर खोलीत नेऊन सोडतं. त्यासाठी मी प्रत्येक नावाची एक छोटी फाइल लिहून ठेवलेली असते: हे नाव आलं तर इकडे. याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. आणि यादीत नसलेलं नाव आलं तर? मशीन त्याला परत पाठवत नाही, यादीतल्या पहिल्या खोलीत नेऊन बसवतं. नवीन पोरं इथे हमखास तोंडघशी पडतात. मी चौदा वर्षं हे करते आहे आणि स्वभाव जरा शहाणपणा मिरवायचा आहे, तेव्हा मी त्यांना हसते.

मी समिधा. लग्न केलं नाही. त्यावर नातेवाइकांनी पुरेशी चर्चा केली आहे. चेरीतालला आमचं चार खोल्यांचं घर, घरात मी आणि बाबा. बाबांचं नाव गुणवंत, वय एकोणऐंशी. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे कॉल जोडून द्यायचे. आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि तेव्हापासून बाबा विसरत चालले. आधी चष्मा कुठे ते, मग वार, मग आई गेली हेच.

फेब्रुवारीत एका दुपारी ते घरातून निघून गेले. संध्याकाळी पार शहराबाहेर, पनागरच्या भाजीबाजारात सापडले, उलट्या क्रेटवर बसलेले, हातात मेथीची जुडी. आईने आणायला सांगितली होती म्हणे. माझा धाकटा भाऊ वेदांग हैदराबादेत असतो. आवाज जराही न चढवता त्याने फोनवर सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर तो येईल आणि बाबांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवेल, जागा बघून ठेवली आहे. वेदांग बोलतो ते करतो. आणि मी बाबांना शब्द दिला होता की तुम्हाला या घरातून कोणी हलवणार नाही.

२

बाबांना सांभाळायला लतिका येते, पण दोन वाजता तिला दुसऱ्या घरी जायचं असतं. ती बाहेरून कुलूप लावून जाते. जन्मदात्याला कुलपात ठेवते, हे लिहितानाही मला लाज वाटते. तेवढ्यासाठीच मी घरी माझ्या कामाची एक लहानशी प्रतिकृती उभी केली. हॉलमधल्या कपाटात जुना कॉम्प्युटर, आणि चार खोल्यांत चार जुने मोबाइल, डोळे आणि कान म्हणून. चार नावं: बाबा, हॉल, किचन, मागचं दार. ऑफिसात बसून नाव टाकलं की ती खोली दिसायची, ऐकूही यायची. यादीत पहिलं नाव बाबांचं ठेवलं, मुद्दाम. घाईत चुकीचं काही टाकलं तरी बाबाच दिसावेत.

बाबांच्या खाटेजवळच्या फोनला बोललेलं समजायची सोयही केली. ते नुसतं "हॉल" म्हणाले की फोनवर हॉल दिसायचा. एकटेपणात तेवढाच विरंगुळा. हे सगळं त्यांना समजावून सांगताना मी आमच्या नवीन पोरांशी बोलते तशीच बोलत होते, फळ्यावर लिहायचीच काय ती बाकी. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पीपी कॉल," ते म्हणाले. "पार्टिक्युलर पर्सन. नंबर वाण्याचा असो की पोस्टाचा, आपण माणसाचं नाव सांगायचं. तो येतपर्यंत ऑपरेटर लाइन धरून ठेवतो."

चौदा वर्षांत माझं काम इतक्या लवकर कोणालाच समजलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना दोन गुलाबजाम जास्त दिले.

३

मे महिना होता. मशीन एक नोंदवही ठेवतं: कुठून, किती वाजता, कोणतं नाव मागितलं. मी ती सहसा उघडत नाही. त्या दिवशी ऑफिसात काम नव्हतं म्हणून उघडली, आणि मला आईचं नाव दिसलं. विनता. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आदल्या दिवशीही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही. मागणी बाबांच्या खोलीतल्या फोनवरून.

आधी मला हसूच आलं. विनता नावाची खोली मी केलेली नव्हती, म्हणजे मशीनने पहिल्या खोलीत पाठवलं असणार, म्हणजे बाबांना स्वतःचीच खोली दिसत असणार. स्वतःलाच बघून त्यांना सोबत वाटत असेल. वाईट वाटलं, पण हिशेब जुळत होता. जुळत नव्हतं ते एवढंच, की बाबांनी आयुष्यात आईचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. "अगं," नाहीतर "ऐकलं का." आई त्यांना "अहो" म्हणायची. आमच्या घरात ती दोघं सोडून सगळ्यांना नावं होती.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी एका खिडकीत "बाबा" उघडलं आणि शेजारच्या खिडकीत "विनता". दोन्हीकडे एकाच फोनचं चित्र यायला हवं होतं. पहिल्या खिडकीत बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते आणि कूलर घरघरत होता. दुसऱ्या खिडकीत तीच खोली, तीच खाट, पण खाट रिकामी होती आणि चादर ताणून सरळ केलेली होती. कूलर जागेवर होता, त्याचा आवाज नव्हता. त्याऐवजी स्टीलच्या ताटात काहीतरी सारल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. हा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. तांदूळ निवडताना बोटांनी निवडलेले एका बाजूला लोटतात, तो.

मी स्वतःला सांगितलं की चित्र अडकलं असेल, सकाळचं असेल, लतिकाने खाट आवरतानाचं. लतिकाला फोन केला. तिने सांगितलं की तांदूळ ती घरी निवडत नाही, पाकिटातले निवडलेलेच येतात, दीदी, तुम्हीच तर आणता.

४

घरी गेल्यावर मी बाबांना चहा दिला आणि दुपारी काय केलं ते विचारलं. कॉल लावला, म्हणाले. कोणाला, ते मी विचारलं नाही. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी वळसा घालून विचारलं, की तुम्ही आईचं नाव तर कधी घ्यायचे नाही, मग आता काहून घेऊन राहिले?

बाबांनी बशी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांचे डोळे पुष्कळ दिवसांनी स्वच्छ होते.

"तेव्हा समोर होती ना बेटा. समोरच्याला नाव काहून लागते? नाव तर दूरच्याला लागते."

"आणि ती बोलते?"

"कामात असते. मी लाइन धरून ठेवतो." मग माझ्याकडे बघून समजावणीच्या सुरात म्हणाले, "आज दाराशी आली होती. म्हणे, या ना, बाहेरच काय बसून राहिले. मी म्हटलं, पोरीला विचारून येतो."

मी नाही म्हणाले. लहान मुलाला सांगतात तसं दोनदा सांगितलं, की कुठेही जायचं नाही. ते "अच्छा" म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले. मला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भुताची नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे पनागरचा तो क्रेट होता. आता आई बोलावते म्हणून ते दार उघडायला बघणार, आणि वेदांग हैदराबादहून निघणार.

५

दुसऱ्या दिवशी मी विनता या नावाची फाइल केली आणि तिच्यात एकच ओळ लिहिली: नकार द्या. दोन मिनिटांचं काम. अनोळखी नावांना पहिल्या खोलीत पाठवायची सोय मात्र तशीच ठेवली, कारण ती माझ्या सोयीची होती.

बाबांनी दोन दिवस जेवण टाकलं. वरणभात पुढे आला की ताट हळूच सरकवायचे. वहीत तीन दहाला विनता आणि पुढे नकार, तीन अकराला पुन्हा विनता, पुन्हा नकार. दुसऱ्या दिवशी अशा सदतीस नोंदी होत्या. मी त्या मोजल्या आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, वहीत एकच नोंद आली. प्रमोदिनी.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवऱ्यानेच ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहायचं, आणि जुनं तिथेच संपतं. आईचं माहेरचं नाव प्रमोदिनी होतं. मी ते एका जुन्या लग्नपत्रिकेवर एकदा वाचलं होतं, बस. मी आईला नकार दिला तो सासरच्या नावाने. तिला आणखी एक नाव आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मी दोन खिडक्या उघडल्या. "बाबा": खाट, कूलर, भिंतीकडे तोंड करून झोपलेले बाबा, पांघरूण हलतंय. "प्रमोदिनी": खोलीत खाटच नव्हती. कपाट, कॅलेंडर, काहीच नव्हतं, नुसती नवीन रंगवलेली भिंत. आणि बाबा उभे होते. शर्ट खोचलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. माझ्याकडे पाठ होती, दाराकडे तोंड. ते मान हलवत होते, कोणी काही सांगतंय आणि यांना पटतंय अशी. दाराच्या चौकटीवर चार बोटं दिसत होती. बाकी बाई भिंतीच्या आड होती. बोटांना तांदळाची पांढरी पूड लागली होती.

बाबांनी एकदा मागे वळून पाहिलं, थेट फोनकडे. मग उंबऱ्यावरून पाय टाकला.

मी काय केलं ते विचार करून केलं असं म्हणणार नाही. हात चालले. अनोळखी नावांची सोयच मी बंद केली. यादीत नाही त्या प्रत्येक नावाला नकार, अपवाद नाही. बटण दाबलं आणि दुसरी खिडकी पांढरी झाली. पहिल्या खिडकीत पांघरूण हलत होतं. बाबा घरात आहेत, मी स्वतःला म्हटलं, आणि स्कूटरची किल्ली उचलली.

६

कुलूप जसंच्या तसं होतं. मी आत गेले तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले होते.

"समिधा? एवढ्या लवकर? आज तर गुरुवार आहे ना."

गुरुवारच होता. त्यांनी चष्मा स्वतः शोधून घातला. संध्याकाळच्या गोळ्या डबीतून मोजून घेतल्या आणि त्यातली एक संपत आल्याचं मला सांगितलं. भूक लागली म्हणाले, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी असा चांगला काळ येतो, कारण विचारू नका. वेदांगशी ते व्हिडिओवर पाऊण तास बोलले, त्याच्या कंपनीचं नाव, त्याच्या मुलीची इयत्ता, सगळं बरोबर. फोन ठेवताना वेदांग रडत होता. वृद्धाश्रमाचा विषय त्याने स्वतःच संपवला. दाराकडे बाबा आता बघतही नाहीत, लतिका म्हणाली, कुलूप कशाला लावायचं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं.

एका सकाळी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "विनताला जाऊन तीन वर्षं झाली नाही का गं. चलो, सुटली बिचारी."

मी ओट्यापाशी उभी होते. त्यांनी ते नाव इतक्या सहज घेतलं, वाण्याचं घ्यावं तसं. मी गॅस बंद केला आणि पुष्कळ वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ बाबांची होती. मानेवरचा तीळसुद्धा होता. मग मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं, की माणूस बरा झाला तर तुला तेही बघवत नाही का.

७

अकराव्या दिवशी कूलरची तार बदलताना कॉम्प्युटर बंद करावा लागला. तो पुन्हा नीट सुरू झाला का हे बघायला मी नोंदवही उघडली.

समिधा. तीन दहा. नकार.

त्या गुरुवारनंतर रोज. बाबांच्या खोलीतल्या फोनवरून. मी लतिकाला विचारलं की दुपारी बाबा कुठे असतात. आता ती चारपर्यंत थांबत होती. हॉलमध्ये, म्हणाली, पेपर वाचतात, त्या खोलीत तर दुपारी जातच नाहीत. फोनही त्यांनी बंद करून पालथा ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी लतिकाला सुट्टी दिली आणि मीही घेतली. माझ्या नावाची फाइल लिहिली. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत सोपी फाइल असायला हवी होती, पण हे नाव आलं तर कुठे पाठवायचं, या ओळीवर मी अर्धा तास अडले. शेवटी बाबांची खोली लिहिली. तीन वाजता लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेवर बसले. हॉलमध्ये पेपरची पानं उलटत होती. खाटेजवळचा फोन मी सरळ करून ठेवला. तो बंदच होता, पडदा काळा.

तीन दहाला मी माझं नाव टाकलं.

हीच खोली. हीच खाट, जिच्यावर मी बसले होते, आणि तिच्यावर मी नव्हते. कडेला बाबा बसले होते. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली, शर्ट तोच, खोचलेला, मळलेला. फोन कानाला लावून दोन्ही हातांनी धरला होता.

"हो जी, धरून ठेवतो," ते कोणाला तरी सांगत होते. "पोरगी ऑफिसातून यायचीच आहे."

मी त्या काळ्या फोनवर वाकले आणि म्हटलं, बाबा, मी इथेच आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी फोन कानावर आणखी दाबला. मी पुन्हा म्हटलं, जोरात. बाबा, मी तुमच्या शेजारी बसले आहे.

हॉलमधली पानं थांबली.

"समिधा," तिकडून आवाज आला. बाबांचाच आवाज. "कोणाशी बोलून राहिली?"

खुर्ची मागे सरकली. पावलं निघाली, सावकाश, बाबांचीच, उजवा पाय जरा घासणारी. दारात तो माणूस येऊन उभा राहणार होता आणि मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. जन्मभराच्या सवयीने जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"कोणाशी नाही, बाबा. ऑफिसचं आहे."

पावलं थांबली. आणि पडद्यावर बाबांनी मान वर केली. हे त्यांना ऐकू गेलं होतं. ते थोडा वेळ कान लावून बसले, मी आणखी काही बोलते का ते बघत. मी बोलले नाही, कारण तो हॉलमधला माणूस उंबऱ्यापाशी होता.

"अच्छा," बाबा म्हणाले. ड्यूटीवरचा त्यांचा आवाज मी लहानपणी ऐकला होता, तसा, अदबीचा. "तुमचे वडील घरीच आहेत होय. माफ करा हं, चुकून लागला."

त्यांनी फोन कानापासून काढला आणि शेजारी ठेवला. मी बसले होते तिथे.

त्या फाइलला मी हात लावलेला नाही. माझं नाव त्यानंतर कोणी मागितलेलं नाही.